आधी हेलिकॉप्टर सोडून द्यायला शिका

प्रश्न : माझं वय 52. कुपवाड एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि एक मिलिंग. दोन वर्षांपूर्वी मुलाने वाढदिवसाला चार चॅनेलचं चिमुकलं हेलिकॉप्टर दिलं. ते आता मी पंख्याखालून, दारातून, जिन्यावरून कसंही नेतो. मग हाव सुटली. दिवाळीत एकाकडून जुनं फोर-फिफ्टी, म्हणजे त्याहून बरंच मोठं रिमोटचं हेलिकॉप्टर घेतलं. कलेक्टिव्ह पिच (उडताना पात्यांचा कोन बदलणारं), फ्लायबारलेस (डोक्यावर तोल धरणारा दांडा नसलेलं), सोबत फ्लायस्काय कंपनीचा रिमोट. चार महिन्यांत तीनदा आपटलं. पहिल्यांदा जमिनीवरून उचलतानाच आडवं झालं. दुसऱ्यांदा वीसेक फुटांवर होतं, लांब जायला लागलं म्हणून डावी स्टिक खाली ओढली, तर कुणीतरी दोरीने खेचल्यासारखं जमिनीवर आलं. विकणाऱ्याने आयडल अपचा (मोटर कायम जोरात फिरत ठेवणारा) स्विच चालू ठेवून उडवून दाखवलं होतं, म्हणून मीही तसाच ठेवत होतो. तिसऱ्यांदा माझ्याकडे तोंड करून यायला लागलं. मी डावीकडे घ्यायला गेलो, ते उजवीकडे गेलं. पुतण्या मोटरसायकलवर बसला होता, त्याच्या हातभर अंतरावरून गेलं आणि उसात पडलं. शोधायला दोन तास लागले. सुट्या भागांत आजवर साडेअकरा हजार गेले. शेवटी स्पिंडल, म्हणजे दोन्ही पाती ज्यावर बसतात तो हबमधला दांडा, लेथवर मीच टर्न करून बसवला. बायको म्हणते, पुरे. मुलगा म्हणतो, आपोआप सरळ होणारी सिस्टीम बसवा. वय झालं म्हणून जमत नाही का? विकून टाकू का?
– एक लेथवाला, कुपवाड

उत्तर : नमस्कार लेथवाले,

तुमचं पत्र पहिल्यांदा हसत वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना पुतण्याच्या वाक्यापाशी अडकलो. तिथूनच सुरुवात करू.

तुमच्या मशीनचं एक पातं 325 मिलिमीटरचं. मधला हब धरून वर्तुळाचा व्यास साधारण 70 सेंटिमीटर. आता तुम्ही रोज कटिंग स्पीड काढता तसाच हिशेब करा, पाय गुणिले व्यास गुणिले आरपीएम. आरपीएम 2600 धरा, आयडल अपमध्ये तेवढा सहज असतो. पात्याच्या टोकाचा वेग येतो ताशी 340 किलोमीटरच्या आसपास. चकमध्ये एवढ्या वेगाने फिरणारी 70 सेंटिमीटरची पट्टी लावून तुम्ही पुतण्याला समोर बसवाल का? 2013 च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये, एका बागेत, 19 वर्षांचा एक मुलगा स्वतःच्याच मॉडेल हेलिकॉप्टरचं पातं डोक्याला लागून जागीच गेला. तो नवशिका नव्हता. त्याचं मशीन 700 च्या वर्गातलं होतं, तुमच्याहून बरंच मोठं. पण तुमचंही डोळा आणि गळा यांच्यापुरतं भरपूर मोठं आहे. तेव्हा वहिनी ‘पुरे’ म्हणाल्या ते पैशांपायी की पुतण्यापायी, एवढं त्यांना विचारून घ्या. पुतण्यापायी असेल तर मी त्यांच्या बाजूने आहे.

आता वयाचं. तुमच्या तीन अपघातांत वयाचा संबंध मला एकातही दिसला नाही. दिसली ती दोन वर्षांची सवय. छोट्या हेलिकॉप्टरने तुमच्या बोटांना काही गोष्टी शिकवल्यात, त्यातल्या निम्म्या इथे उपयोगी आहेत आणि निम्म्या घातक. त्यातली सर्वांत घातक म्हणजे घाबरलं की डावी स्टिक खाली ओढायची.

छोट्यात पात्यांचा कोन पक्का असतो. डावी स्टिक फक्त मोटरचा वेग कमीजास्त करते. खाली ओढली की मोटर मंदावते, ते खेळणं टपकन सतरंजीवर पडतं, तुम्ही उचलता, पुन्हा उडवता. दोन वर्षांत हजार वेळा तरी केलं असेल. फोर-फिफ्टीत आयडल अप चालू असेल तर मोटर कायम जोरातच फिरते, आणि डावी स्टिक पात्यांचा कोन बदलते. मधोमध शून्य, वर अधिक दहा अंश, खाली उणे दहा अंश. उणे म्हणजे पाती हवा वर फेकतात आणि मशीनला जमिनीकडे ढकलतात. उलटं उडवणारी पोरं त्याच्याच जोरावर उलटं उडवतात. तुम्ही वीस फुटांवर, सरळ उभ्या हेलिकॉप्टरला पूर्ण ताकदीनिशी खाली जा म्हणून सांगितलंत. एखादी वस्तू नुसती सोडली तर तेवढ्या उंचीवरून पडायला सेकंदाहून जरा जास्त लागतं. तुमचं त्याच्या निम्म्या वेळात आलं असणार. दोरीने खेचल्यासारखं, हे तुम्ही अगदी बरोबर लिहिलंत, फक्त दोरी तुमच्याच अंगठ्यात होती.

म्हणून पहिला धडा उडवण्याचा नाही, सोडून देण्याचा. रिमोटवर थ्रॉटल होल्डचा स्विच असतो. तो टाकला की मोटर बंद, स्टिक कुठेही असो. मशीन पडणारच आहे, ते विसरा. पण मोटर बंद असताना पडलं तर बहुधा पाती, शेपटीचा दांडा आणि स्पिंडल एवढ्यावर निभावतं. मोटर चालू असताना पडलं तर मेन शाफ्ट वाकतो, मोठं गिअर दात टाकतं, सर्व्होंचे (पात्यांचा कोन हलवणाऱ्या छोट्या मोटरींचे) दात उडतात, आणि जमिनीवर आडवं पडून ते स्वतःलाच झोडपत राहतं. माझं पहिलं कलेक्टिव्ह मशीन असंच संपलं. पडलं तेव्हा फार काही मोडलं नव्हतं. मी होल्ड टाकायचं सोडून ‘अरे अरे’ करत त्याच्याकडे धावलो. पोचेपर्यंत मोटर अडकलेल्या गिअरशी झुंजत होती, स्पीड कंट्रोलरमधून पांढरा धूर निघाला, आणि तो वास माझ्या त्या बॅगेला अजून आहे. मोडतोडीचा खर्च होता एक, धावण्याचा झाला त्याच्या तिप्पट.

तेव्हा आज संध्याकाळी एक करा. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी घ्या, दोन सेंटिमीटर कापा आणि होल्डच्या स्विचवर चढवा. आता तो बोटाला वेगळा लागेल. बावन्नाव्या वर्षी बायफोकल असणारच. मान वर करून आकाश बघायचं आणि मान खाली घालून स्विच शोधायचा, यात हेलिकॉप्टर कुठल्या कुठे जातं. स्विच बोटाने ओळखता आला पाहिजे. मग बॅटरी न जोडता, रिमोट हातात धरून, टीव्ही बघता बघता, मुलाला अधूनमधून ‘होल्ड!’ म्हणून ओरडायला सांगा. दर वेळी बोट तिथे गेलं पाहिजे आणि डावा अंगठा जागचा हलता कामा नये. घरचे हसतील. हसू दे. आठवडाभर करा.

आणि आयडल अप तूर्त विसरा. रिमोटमध्ये नॉर्मलचा, म्हणजे आयडल अप बंद असतानाचा, पिच कर्व्ह (स्टिक कुठे असताना पात्यांचा कोन किती) असा भरा, की स्टिक तळाला असताना कोन शून्य किंवा फार तर उणे एक-दोन, मधोमध साधारण पाच, वर नऊ-दहा. मग तोच कर्व्ह आयडल अपमध्येही भरा, म्हणजे चुकून स्विच लागला तरी घात होणार नाही. विकणाऱ्याने स्विच चालू ठेवून दाखवलं, कारण त्याला कसरती येत होत्या. त्याने तुम्हाला हे सांगायला हवं होतं. मशीन विकताना माणसं बॅटरीचं सगळं सांगतात आणि नेमकं हेच सांगत नाहीत.

पहिल्या अपघाताची गोष्ट वेगळी. जमिनीवरून उचलताना ते आडवं झालं तेव्हा तुम्ही बहुतेक जमिनीवर असतानाच उजव्या स्टिकने त्याला सरळ करत होता. स्वॅशप्लेट (पात्यांखालची, त्यांना झुकवणारी तबकडी) जराशी तिरकी दिसली, ती सरळ करावी असं वाटणं साहजिक आहे. डोळा मेकॅनिकचा आहे ना तुमचा. पण फ्लायबारलेसमध्ये मधे जायरोचा डबा बसलेला असतो. तुम्ही स्टिक जरा उजवीकडे केली की तो मशीन झुकायची वाट बघतो. जमिनीवर टेकलेलं मशीन झुकत नाही. त्याला वाटतं, सांगितलेलं होत नाहीये, आणि तो आणखी जोर लावतो. तुम्ही काही न करता स्वॅशप्लेट हळूहळू एका बाजूला सरकत जाते. मग मशीन हलकं झालं रे झालं की साठवलेला सगळा जोर एकदम बाहेर. त्यात गवतात स्किड (खालचा पाय) अडकला असेल तर विचारायलाच नको. जमिनीवर असताना उजवी स्टिक मधोमध सोडून द्या, स्वॅशप्लेट तिरकी दिसली तरी. तीन बाय तीन फुटांची प्लायवूडची फळी न्या, तिच्यावरून उचला. आणि उचलायचं तर एका दमात कंबरेएवढं. बिचकत बिचकत वीतभर उचललं तर स्वतःच्याच पात्यांची जमिनीवर आपटून परत येणारी हवा त्याला लाटांवरच्या होडीसारखं डोलवत ठेवते. नवशिक्याला वाटतं, जितकं खाली तितकं सुरक्षित. प्रत्यक्षात मीटर-दीड मीटरवर ते वीतभर उंचीपेक्षा जास्त शांत असतं.

एक बारीक गोष्ट सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही ट्रिम (स्टिकचा मध्य सरकवायचं बटण) फिरवत बसाल. हेलिकॉप्टर हवेत स्थिर असतानाही किंचित उजवीकडे कललेलं दिसतं. बहुतेक मॉडेल्सची पाती वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, त्यांना तोलण्यासाठी शेपटीचा पंखा हवा ढकलतो, आणि त्या ढकलण्याने अख्खं मशीन डावीकडे सरकू बघतं. ते सरकू नये म्हणून उजवीकडे कल. तो दोष नव्हे.

आता तिसरा, आणि खरा अवघड. छोटं हेलिकॉप्टर तुमच्याकडे तोंड करून येतं तेव्हाही डावं-उजवं उलटं होतंच की. मग ते जमलं आणि हे का जमलं नाही? कारण छोटं तुमची चूक स्वतः निस्तरत होतं. त्याच्या डोक्यावरचा वजनाचा तिरका दांडा त्याला सारखा सरळ करत असतो. तुम्ही स्टिक सोडली की ते आपणहून थांबतं. तुम्ही चुकलात आणि अर्ध्या सेकंदाने सुधारलात, तर कुणाला कळतही नाही. फोर-फिफ्टीला असा स्वभाव नाही. त्याला झुकवून स्टिक मधोमध आणलीत तर ते झुकलेलंच राहतं आणि त्या बाजूला वेग घेत जातं. थांबवायचं असेल तर जेवढं दिलं तेवढंच उलट द्यायचं, मग पुन्हा सरळ करायला थोडं परत घ्यायचं. हवेत एका जागी उभं राहणं म्हणजे हे देणं-घेणं सेकंदाला दोन-तीनदा, न थांबता. अंगठ्यांच्या हालचाली तांदळाच्या दाण्याएवढ्या. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, हा नुसता उभा आहे.

समोरून येणाऱ्या मशीनसाठी ‘डावं म्हणजे उजवं’ असं मनात भाषांतर करत बसू नका, वेळ पुरत नाही. त्यापेक्षा टेकूची गोष्ट लक्षात ठेवा. मांडवाचा खांब ज्या बाजूला कलंडतो, त्याच बाजूला आपण टेकू लावतो ना? तसंच. मशीन तुमच्याकडे तोंड करून आहे आणि तुमच्या डोळ्यांना त्याची जी बाजू खाली गेलेली दिसतेय, त्याच बाजूला स्टिक सरकवा. डावी बाजू खाली दिसली, स्टिक डावीकडे. जणू खालून आधार दिला. मात्र हा नियम तोंड तुमच्याकडे असतानाच. शेपटी तुमच्याकडे असेल तर नेहमीसारखं, झुकलंय त्याच्या उलट.

हे शिकायचं कुठे? उसाच्या कडेला नक्की नाही. तुमचा फ्लायस्कायचा रिमोट एका केबलने संगणकाला जोडता येतो. रिअलफ्लाइट, नेक्स्ट, हेली-एक्स असे सिम्युलेटर आहेत, कुठलाही चालेल. ग्राफिक्स कसे आहेत यावर वेळ घालवू नका, मुलगा घालवेल. रोज वीस मिनिटं, एका जागी उभं राहणं. आधी शेपटी तुमच्याकडे, कंटाळा येईपर्यंत. कंटाळा आला म्हणजे जमलं असं समजा. मग नाक थोडंसं वळवा, पंचेचाळीस अंश, तिथे उभं राहा, परत या. मग बाजू. मग तोंड समोर. डावी बाजू आणि उजवी बाजू सारखी येत नाही कुणालाच. जी वाईट येते तिच्यावर दुप्पट वेळ द्या. रात्री सिम्युलेटरवर काल जमलेलं आज जमत नाही असं होईल, आणि तुम्ही मला शिव्या द्याल. पाचव्या-सहाव्या दिवशी एकदा बोटं आपोआप योग्य बाजूला जातील आणि तुमच्या ते नंतर लक्षात येईल. तीच खूण.

एक खरेदी मात्र करा असं मी म्हणेन. तुमच्या छोट्याएवढंच, तळहातावर मावणारं, पण सहा चॅनेलचं आणि कलेक्टिव्ह पिचचं हेलिकॉप्टर मिळतं. एक्सके के-110 सारखं. स्वभाव मोठ्याचा, वजन पाव किलोच्या कितीतरी आत. आपटलं तर बहुतेक वेळा उचलून पुन्हा उडवता येतं. त्यात एका स्विचवर आपोआप सरळ होणारी पद्धतही आहे. आता तुमच्या मुलाच्या सूचनेकडे येतो. पोराचं म्हणणं चुकीचं नाही, पण मी ती पद्धत कायम चालू ठेवायच्या विरुद्ध आहे. पहिले दोन-चार दिवस ठेवा, धीर येण्यापुरती. मग बंद करा. कारण ती चालू असताना स्टिकचा अर्थच बदलतो. सोडली की सरळ. म्हणजे तुमची जी सवय मोडायची आहे तीच ती पक्की करते. फोर-फिफ्टीच्या जायरोमध्ये संकटात बटण दाबलं की सरळ करणारी सोय असली तर मात्र जरूर ठेवा. ती रोजच्या उडवण्यात लुडबुड करत नाही.

तोवर फोर-फिफ्टी कपाटावर. दोन-तीन महिने. या काळात तुमच्या हातांना काम हवं असेल तर मशीन पूर्ण उघडा, आणि इथे तुम्ही माझ्यासारख्या दहा जणांना शिकवाल. तीन आपट्या खाल्लेला मेन शाफ्ट सरळ असण्याची शक्यता कमी आहे. बाकीचे लोक तो काचेवर लोळवून बघतात, तुमच्याकडे व्ही-ब्लॉक आणि डायल आहे. शेपटीचा शाफ्टही तसाच बघा. पात्यांची बोल्टं इतकीच घट्ट, की मशीन आडवं धरलं तर पाती स्वतःच्या वजनाने लोंबू नयेत, पण झटका दिला तर हलावीत. नवा पिच कर्व्ह भरण्याआधी, रिमोटवर स्टिक मधोमध ठेवून पिच शून्यावर आहे का, हे बघायला दोन्ही पाती शेपटीकडे दुमडा. टोकं एकमेकांना समांतर दिसली पाहिजेत. स्टिकची हालचाल मऊ करण्यासाठी एक्स्पो वीस-तीस टक्के भरा, पण भरल्यावर स्टिक हलवून बघा. काही कंपन्यांच्या रिमोटवर अधिक आकडा मऊ करतो, काहींवर उणे. उलटा भरला गेला तर मधल्या मधेच ती वेड्यासारखी तापट होते.

आणि आता तो स्पिंडल.

तुम्ही ते वाक्य किती सहज लिहिलंत! मला कौतुक वाटलं आणि मग पोटात गोळा आला. पुन्हा हिशेब करू. एक कार्बनचं पातं साधारण तीस ग्रॅमचं. त्याचं वजन हबपासून सरासरी वीस सेंटिमीटरवर आहे असं धरा. 2600 आरपीएमला ते बाहेरच्या बाजूला पंचेचाळीस किलोच्या आसपास ओढतं. प्रत्येक पातं. म्हणजे स्पिंडलच्या प्रत्येक टोकाला जवळजवळ सिमेंटचं एक पोतं लटकलेलं, आणि ते सगळं पेलणारा भाग म्हणजे टोकाचा तो बारीकसा स्क्रू आणि त्याचे आटे. शिवाय दर फेऱ्याला पातं वरखाली वाकतं, म्हणजे मिनिटाला 2600 वेळा त्यावर वाकडा ताण. आट्याच्या मुळाशी धारदार खाच राहिली असेल, धातू साधा एमएस (माइल्ड स्टील) असेल, तर तडा तिथूनच सुरू होणार, हे मी तुम्हाला सांगायचं म्हणजे काकाला काकडी कापायला शिकवणं. कंपनीचा स्पिंडल हार्डन केलेला असतो. आणि तो तसाही वाकण्यासाठीच असतो, म्हणजे आपटल्यावर तो वाकावा आणि हेड (पाती बसतात तो वरचा भाग) वाचावं. तुमचा वाकला नाही तर हेड फुटेल, तुटला तर पातं सुटेल. पुतण्याच्या जवळून गेलं तेव्हा हेडमध्ये कंपनीचा स्पिंडल होता ही तुमची पुण्याई समजा. तुमच्या हातचा आजच काढा. विकत आणा, स्क्रूला निळं थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारं) लावा. स्टँड, फळी, बॅटरीची पेटी, ट्रेनिंग गिअरचा मधला ब्लॉक, हे सगळं लेथवर खुशाल करा. हेडमध्ये फिरणारं काहीही घरी बनवायचं नाही.

ट्रेनिंग गिअर आठवलं म्हणून. कपाटावरून मशीन उतरवाल त्या दिवशी त्याला स्किडखाली आडव्या-उभ्या दोन फायबरच्या काठ्या बांधा, प्रत्येक सुमारे पाऊण मीटरची, चारही टोकांना टेबल टेनिसचे चेंडू. दिसायला विनोदी दिसतं, पण तिरकं उतरलं तरी पातं जमिनीला लागत नाही. पहिले काही दिवस नुसतं उभं राहणं, तेही शेपटी तुमच्याकडे ठेवून. एका बॅटरीला चार मिनिटांचा टायमर. सकाळी दोन बॅटऱ्या झाल्या की घरी. तिसरी बॅटरी हीच बहुतेकांची मोडतोडीची असते, डोकं थकलेलं असतं आणि आत्मविश्वास वाढलेला.

बॅटरीचं थोडक्यात. तीन सेलची भरलेली 12.6 व्होल्ट, ठेवायची झाली तर सेलला 3.8 च्या आसपास, 3.5 च्या खाली कधी नेऊ नका. फुगलेली असेल तर मन घट्ट करा आणि टाकून द्या, पण कचऱ्याच्या डब्यात नाही. मातीच्या कुंडीत ठेवून, डोळ्यांसमोर चार्ज करा. वर्कशॉपमध्ये तेलाच्या चिंध्या असतात त्या कोपऱ्यात नको. आणि उन्हाळ्यात गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका.

जागा. पुतण्या जवळ होता म्हणजे तुम्ही वस्तीला किंवा रस्त्याला लागून उडवत होता. तुम्ही मशीनपासून किमान दहा मीटर, आणि पाहणारे सगळे तुमच्या मागे. बाजूला नाही, मागे. मशीन कधीही तुमच्या पाठीमागे जाता कामा नये. कुणी गाडीवरून येऊन ‘काय चाललंय’ म्हणून विचारायला लागला तर उतरवा, होल्ड टाका, मग बोला. पाती पूर्ण थांबल्याशिवाय जवळ जाऊ नका. सकाळी साडेसहा ते आठ वारा पडलेला असतो, सूर्य पाठीशी घ्या. मोकळा माळ हवा म्हणून कवठे महांकाळकडे निघाल तर एक सांगतो. जिथे पवनचक्क्या दिसतील तिथे थांबू नका. त्या कंपन्यांनी जागा उगाच निवडलेल्या नाहीत. ऊसतोड झालेलं रान मोकळं दिसतं, पण खोडव्याच्या बुडख्यांवर प्लायवूडची फळी बसत नाही, आणि शेजारचा उभा ऊस तुम्ही अनुभवलाच आहे. पुन्हा उसात गेलंच तर लगेच आत शिरू नका. जागेवर उभं राहून दूरच्या एखाद्या झाडाशी त्याची रेघ धरा, आधी होल्ड टाका, मग शेपटीच्या सर्व्होची स्टिक हलवत चाला. गुर्रगुर्र ऐकू येतं.

कायद्याचंही बघून ठेवा. 2021 चे ड्रोन नियम मॉडेल हेलिकॉप्टरलाही लागतात. तुमचं मशीन पाऊण किलोच्या आसपास, म्हणजे पाव किलो ते दोन किलोच्या मायक्रो वर्गात. हौसेसाठी उडवायला या वर्गात पायलटचं लायसन्स लागत नाही, पण सरकारी नकाशावर तुमची जागा हिरव्या पट्ट्यात आहे का हे आधी बघा. मुंबईतल्या पाहुण्यांकडे मशीन घेऊन गेलात तर तिथे उडवायचा मोह टाळा, तिथले पोलीस अशा उडत्या वस्तूंवर वेळोवेळी मनाई काढत असतात.

दर वेळी उडवण्याआधी एवढं मात्र चुकवू नका. आधी रिमोट चालू, मग बॅटरी. बंद करताना आधी बॅटरी, मग रिमोट. आणि एकदा, मोटरचं पिनियन मोठ्या गिअरपासून सोडवून, मोटर चालू असताना रिमोट बंद करून बघा. मोटर थांबलीच पाहिजे. थांबली नाही तर फेलसेफ (सिग्नल तुटला की मोटर बंद करणारी सोय) भरलेलं नाही, आणि मग माळावर जायचंच नाही. जुन्या मशीनमध्ये ते पूर्वीच्या मालकाने भरलं असेल असं कधीही धरून चालू नका.

विकायचं की नाही? माझं मत, विकू नका. ज्या माणसाने दोन वर्षं एकच खेळणं जिन्यावरून उडवत पिळून काढलं त्याच्या अंगात चिकाटी आहे, आणि या छंदात तिच्यावाचून चालत नाही. दिवाळीपर्यंत मुदत घ्या. वहिनींना सांगा, तोवर सुट्या भागांवर एक रुपया खर्च नाही, फक्त तो स्पिंडल आणि वाकलेला निघाला तर शाफ्ट. दिवाळीत तुम्हाला तोंड समोर ठेवून मिनिटभर उभं राहता आलं तर मला पुन्हा लिहा, पुढे गोल कसे मारायचे ते सांगतो. नाहीच जमलं आणि विकावंसं वाटलं तर विका, त्यात लाज नाही. पण घेणाऱ्याला आयडल अपचा स्विच काय करतो ते आधी दाखवा, आणि तुमचा तो लेथवरचा स्पिंडल मशीनसोबत देऊ नका.